माळेचा मध्य

२४ सप्टेंबर २००२

सासूबाई म्हणतात, वाईट तोंडातून काढू नये, घडतं. हातातून काढलं तर घडतं का, ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. डायरी ह्यांच्या सातपूरच्या कंपनीची, सन २००० ची. त्यानंतर कंपनीने डायरी दिली नाही आणि पगारही दिला नाही. छापलेले वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. तेवढ्यावर माझं भागेल.

आज लहानू व्हॅन घेऊन आला. लहानू म्हणजे माझा धाकटा भाऊ. हे नाव आता फक्त माझ्या तोंडी उरलंय. कार्डावर त्याने ‘राज’ छापून घेतलंय आणि जुन्या गाड्या घेऊन विकतो. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी बारा. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे. गुरुजी हजेरीत दोघांची नावं घ्यायचे.

व्हॅन पांढरीशुभ्र आहे. नव्याहून नवी दिसते. हे तिच्याभोवती तीन वेळा फिरले, वाकून खाली बघितलं, हात फिरवला. मला बघायला आले होते तेव्हा मान वर केली नव्हती या माणसाने.

पितृपक्षात सौदा होत नाही, म्हणून सध्या नुसती ट्रायल. लहानू म्हणाला, “दाजी, तीन आठवडे मनसोक्त चालवा. दसऱ्याला ताईच्या हातचा हार घाला, मग आपण व्यवहाराचं बोलू. पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे. त्र्यंबकला माणसं टपावर बसून जातील, माणसं.”

सगळे हसले, मीही हसले. पण मला भीती वाटली. या गाडीला पुढे नाकच नाही. चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा, बस. आणि त्या गुडघ्यांवर आमचं घर बसणार.

२६ सप्टेंबर

कागद बघितले. म्हणजे ह्यांनी बघितले आणि मी चहा देताना मान लांब करून बघितले. एका कागदावर इंग्रजीत ‘टोटल लॉस’ असं लिहिलंय. एवढं मला वाचता येतं. लहानूला विचारलं.

“अगं ताई, तो लॉस इन्शुरन्सवाल्यांचा. गाडीला जरा लागलं होतं. त्यांनी हिशोब केला, दुरुस्ती परवडत नाही म्हणाले, मालकाला पैसे देऊन मोकळे झाले. टोटल लॉस त्यांना झाला. आपल्याला कुठं झाला?”

विचार केला तर बरोबर वाटतं. तोटा ज्याने भरला त्याचा. मग मला ही भीती का वाटते? ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, “मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असतं, मंजू. आपली कंपनी चालू होती, ऑर्डरी होत्या, तरी बंद केलीच ना?” त्या विषयावर हे एका वाक्यापलीकडे बोलत नाहीत. दोन वर्षं झाली.

२९ सप्टेंबर

हर्षालीने व्हॅन झाडली. आता सहावीत आहे, घरातला केर काढ म्हटलं तर पाय दुखतात, व्हॅन मात्र आनंदाने झाडते. पुढच्या चटईखालून तिने काचेचे बारीक बारीक तुकडे काढले, खडीसाखरेसारखे. काडेपेटीत भरून ठेवलेत. मला दाखवत होती, “आई, हिरे.”

मी ती काडेपेटी हातात घेतली. पुढची काच फुटली म्हणजे कुणाचं तरी डोकं, कुणाचा तरी चेहरा. मी सरळ लहानूला विचारलं, “गाडीत कुणी गेलं का रे?”

“नाही गं. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही.”

“शपथ?”

“तुझी शपथ, ताई.”

तो माझी खोटी शपथ घेणार नाही. अख्ख्या जगात एक तोच घेणार नाही.

१ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहितानाही बरं वाटत नाही.

आमच्याकडे सप्तशृंगीचा पत्र्याचा बिल्ला आहे, तळहाताएवढा, मागे लोहचुंबक. ह्यांच्या मशीनवर अकरा वर्षं चिकटलेला होता. कंपनी बंद झाली त्या दिवशी हे डबा, टॉवेल आणि देवी एवढंच घेऊन घरी आले. तेव्हापासून देवी लोखंडी कपाटावर आहे. सासूबाई म्हणाल्या, “आता ती गाडीत बसंल. समाधानच्या डोळ्यासमोर.”

व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला, काचेला लागून पत्र्याचा खांब आहे. सासूबाईंनी देवी कपाळाला लावून तिथे टेकवली. ती पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी जरा दाबून धरली, हात काढला आणि देवी घसरत खाली ब्रेकपाशी गेली.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी देवी उचलली आणि सहज डाव्या बाजूच्या खांबाला लावली. टक्कन बसली. ओढूनसुद्धा निघेना.

“डावीकडं बसती,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या लेकाकडं बसत नाय.”

हर्षाली म्हणाली, “आजी, तिकडं लोखंड नसेल.” तिला मी गप्प केलं. देवाच्या कामात पोरांनी बोलू नये.

हे तिथेच उभे होते. त्यांनी उजव्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक केलं, वर, मध्ये, खाली. मध्ये आवाज भरलेल्या माठासारखा आला. मग नखाने थोडं खरवडलं. मला वाटलं, देवीला विनवताहेत. नंतर हात पँटला पुसले, म्हणाले, “ऊन फार आहे, चला आत,” आणि झेंडूच्या मळ्यात निघून गेले. जेवायलाही उशिरा आले. माणूस देवाधर्माचा नाही, पण आज त्यालाही लागलं असणार.

३ ऑक्टोबर

सासूबाईंना कारण सापडलं. हर्षालीच्या वेळी मी अडले होते, तेव्हा ह्यांनी देवीला साडी बोलली होती. ती राहून गेली. बारा वर्षं देवी गप्प राहिली आणि आता बरोबर वेळ साधली, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटलं, म्हणजे पटवून घेतलं. राग असेल तर रागाला उपाय असतो. नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावर जायचं, साडी द्यायची, क्षमा मागायची. मला भीती वाटत होती ती गाडीची नव्हतीच तर, देवीच्या साडीची होती. असं दिवसातून चार वेळा स्वतःला सांगते आहे.

लहानूला सांगितलं, तर तो फार गंभीर झाला. एरवी देवाची थट्टा करणारा पोरगा, आज म्हणाला, “ताई, साडी लगेच द्या. मी घेऊन देतो.” किती मोठा झाला माझा भाऊ.

६ ऑक्टोबर

सर्वपित्री. घास घातला, कावळा लगेच शिवला. सासऱ्यांची गाडीला हरकत नाही.

हे गेले आठ दिवस पहाटे उठून दाढी करतात. दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस सकाळी कुठेतरी जायचं असल्यासारखा उठतोय. आधी कसे होते ते मलाच माहीत. फुलबाजारातून मोपेडवर परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा मी विचारलं, काय बघता, तर म्हणाले, “पोपडे.” आता शिटी वाजवतात. हर्षालीला शाळेत सोडतात आणि दोन गल्ल्या उगाच फिरून येतात. काल मला म्हणाले, “मंजू, त्र्यंबकच्या फेऱ्या लागल्या की तुला बोटं भोसकत माळा ओवायला नको.”

मी काय बोलणार? मला गाडीची भीती वाटते म्हणू? त्यांचा चेहरा पुन्हा त्या पोपड्यांकडे वळवू?

९ ऑक्टोबर

मी पाप केलं आहे. लिहून टाकते.

उद्या गडावर जायचं. सासूबाईंचं म्हणणं, जाताना देवी गाडीत बसलेली पाहिजे, आणि ती उजवीकडेच बसली पाहिजे, तरच तिने बोलावणं मान्य केलं. मी मनात म्हटलं, ती बसणार नाही. सासूबाई घाबरतील, हे गप्प होतील, आणि सगळं मोडेल. लहानूचं तोंड उतरेल. सगळं माझ्याच भीतीने मोडल्यासारखं मला वाटेल.

दुपारी सगळे मळ्यात झेंडू तोडत होते. नळ गळतो तिथे लावायला आणलेलं एम-सील होतं. दोन रंगांच्या गोळ्या घेतल्या, पोळीच्या कणकेसारख्या मळल्या, देवीच्या पाठीला लावल्या आणि देवीला खांबाला दाबून धरली. शंभरपर्यंत आकडे मोजले. देवीचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आई, मी तुला बांधून ठेवत नाही गं, तू पडू नयेस म्हणून करतेय. हे बोलतानाच मला कळत होतं की मी तिला बांधूनच ठेवते आहे.

संध्याकाळी सासूबाईंनी बघितलं. त्या रडल्या. “बसली गं माय, बसली!” ह्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा देवीकडे बघितलं. माझ्या नखात एम-सील होतं, मी हात पदराखाली घेतला.

१० ऑक्टोबर

जिवंत परत आलो.

नवरात्रात गडावर आपली गाडी सोडत नाहीत, म्हणून पायथ्याला नांदुरीला लावली आणि वर एसटीने गेलो. त्या गच्च एसटीत, कुणाचा तरी नारळ बरगडीत रुतलेला असताना, मला आठवड्यात पहिल्यांदा निर्धास्त वाटलं. घाटाची वळणं आली तरी काही नाही. साडी दिली, पाया पडले. पण देवीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

परत येताना दिंडोरीच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी एकदम उजवीकडे वळली, कुणीतरी हाताला धरून ओढल्यासारखी. समोरून ट्रक. ट्रकच्या कपाळावरचं नाव मला अजून दिसतंय, ‘आईचा आशीर्वाद’. ह्यांनी चाक डावीकडे पिरगाळलं, गाडी खडीवर उतरली, थांबली. ट्रकवाला शिवी देऊन गेला. हर्षालीने माझा दंड धरला होता, तिथे आता चार निळे डाग आहेत.

“देवी होती म्हणून वाचलो,” सासूबाई म्हणाल्या. “नायतर लय वंगाळ झालं असतं. बघा, ती हललीबी नाय.”

सगळ्यांनी बिल्ल्याला हात जोडले. मीही जोडले.

हे म्हणाले, चाकांचं अलाइनमेंट बघावं लागेल. रात्री ठरलं, दसऱ्याला गाडी घ्यायची, देवीनेच कौल दिला. मी दिलेला कौल. मी, दोन गोळ्या मळून.

१३ ऑक्टोबर

आज मी व्हॅनचा हार ओवायला बसले.

गाडीचा हार कसा करतात ते माहेरी, मळ्यात बापाने शिकवलं. आधी फुलं घ्यायची नाहीत, दोरा घ्यायचा. एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत दोरा धरायचा, खाली झोळ सोडायचा, तोडायचा. मग दुमडून मध्य काढायचा आणि गाठ मारायची. पदक त्या गाठीला. दोन्हीकडे झेंडू मोजून, इकडे एक तिकडे एक. पदक गाडीच्या बरोबर कपाळावर आलं पाहिजे. बाप म्हणायचा, पदक तिरकं आलं की गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी येत नाही. वीस वर्षं मी गाड्यांचे हार करते आहे. मोटारी, जीपा, एकदा मुनसिपालटीचा बंब.

गाठ मारली, दोरा लावून बघितला. गाठ पुढच्या पत्र्यावरच्या मधल्या चिन्हावर यायला हवी. ती चार बोटं बाजूला गेली.

मला वाटलं, भीतीने हात चुकला. दुसरा दोरा घेतला. चार बोटं. तिसरा दोरा ओला करून, ताणून घेतला. चार बोटं.

मग म्हटलं, आरसे नंतर बसवले असतील, पुढेमागे झाले असतील. आरसा सोडून दिला. पुढच्या चाकाच्या मधल्या नटापासून मागच्या चाकाच्या मधल्या नटापर्यंत दोरा धरला, डाव्या बाजूला. गाठ मारली. तोच दोरा उजव्या बाजूला नेला.

उजवी बाजू चार बोटं आखूड आहे.

मी जमिनीवरच बसले. माणसाचा एक पाय आखूड असतो तशी ही गाडी. ती चेपलेली आहे. रंगाखाली अजून चेपलेलीच आहे. म्हणून ती उजवीकडे गेली. देवीचा काही राग नाही, साडीचा काही संबंध नाही. माझा हात चुकत असेल, डोकं चुकत असेल, पण माझा दोरा चुकत नाही.

आणि आता मी हे कुणाला सांगू? सांगायचं तर एम-सीलचंही सांगावं लागेल. सासूबाई म्हणतील, देवीला हिने खिळलं. आणि लहानू? लहानूला हे माहीत नसणार. त्यालाही कुणीतरी फसवलंय. तसंच असणार.

१४ ऑक्टोबर

लहानूला सांगितलं. तो हसला. “दोऱ्याने गाडी मोजतात का, ताई? गाडी म्हणजे काय गणपतीची आरास आहे?” मग हसायचा थांबला आणि म्हणाला, “दाजींना सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगू. मोठ्या मुश्किलीने उभा राहिलाय तो माणूस.”

माझ्याच काळजातलं वाक्य त्याने माझ्याच घशात घातलं. मी हार पूर्ण केला. पदक मुद्दाम चार बोटं सरकवून बांधलं, म्हणजे गाडीवर सरळ दिसेल. बापाने बघितलं असतं तर दोरा हातातून काढून घेतला असता.

१५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अंगण सारवलं. व्हॅन दारात. चाकाखाली लिंबं, टपावर आपट्याची पानं. लहानू नवा शर्ट घालून आला, पेढे घेऊन. हार घातला. सगळे म्हणाले, काय देखणा बसलाय. पदक बरोबर मध्यावर.

हे ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सासूबाई ओवाळायला पुढे झाल्या. हर्षाली बापाच्या शेजारी चढून बसली, पाय हलवत होती. मी तिचे ते गुडघे बघितले. त्यांच्यापुढे एक पत्रा, आणि तो पत्राही आखूड.

कसं झालं मला सांगता येणार नाही. मी ताट खाली ठेवलं, दार उघडलं आणि देवीला दोन्ही हातांनी धरून ओढलं. सासूबाई ओरडल्या, “मंजे, येडी झाली का!” देवी निघेना. मी पाय दाराला लावला आणि सगळं अंग टाकून ओढलं.

देवी सुटली, पण एकटी नाही. तिच्याबरोबर खांबाचं ढलपं आलं, भाकरीएवढं, जाड, आतून गुलाबी. पुट्टी, चेपलेला पत्रा झाकायला भरतात ती. ती माझ्या पायावर पडून फुटली. खांबात जिथे ती होती तिथे पत्रा नव्हता. पत्र्याच्या दोन फाटक्या कडा, एक पांढरी, एक निळी, मध्ये वेल्डिंगचे चार ठिपके. चारांतले दोन सुटलेले. त्या फटीतून मला अंगणातली रांगोळी दिसत होती.

मी म्हटलं, “मी चिकटवली होती. देवी बसत नव्हती, मी एम-सीलने चिकटवली. आणि गाडी उजवीकडे चार बोटं आखूड आहे. मी मोजली आहे.”

सासूबाईंनी देवी माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसत बसल्या. हर्षाली फटीत बोट घालायला गेली, ह्यांनी तिचा हात धरला.

मी लहानूकडे बघितलं. त्याने आश्चर्य दाखवावं, शिव्या द्याव्यात, ज्याने गाडी दिली त्याच्या नावाने बोंब मारावी, असं मला वाटत होतं. मी त्याची वाट बघत होते. तो खाली बघून चपलेच्या अंगठ्याने सारवण उकरत होता. लहानपणी दूध सांडलं की असाच उकरायचा.

“निळी कुणाची?” मी विचारलं.

“दोन गाड्या होत्या,” तो म्हणाला. “एकीचं पुढचं गेलं होतं, एकीचं मागचं. सगळेच करतात, ताई.”

“कुणी गेलं होतं का?”

तो उकरतच राहिला.

“माझी शपथ घेतली होतीस.”

“पुढचा भाग जिचा आहे, त्या गाडीत नव्हतं गेलं कुणी,” तो म्हणाला.

१६ ऑक्टोबर

लहानू काल गाडी घेऊन गेला. हार तसाच होता तिच्यावर.

आज हे मळ्यातून आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, “देवी पडली त्या दिवशीच मला कळलं होतं.”

मला आधी कळेना काय.

“अकरा वर्षं लोखंड कापलंय मी. चुंबक पत्र्याला सोडत नाही. वाजवलं तेव्हाच कळलं, आत पुट्टी आहे. पण म्हटलं थोडी असेल. म्हटलं आपण सावकाश चालवू. तू चिकटवलीस तेही कळलं होतं. म्हटलं, हिलाही हवी आहे गाडी, तर कशाला बोला.”

“मी तुमच्यासाठी चिकटवली,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले, “आता कळतंय.”

मग ते रडले. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, दिंडोरीला पोरगी गाडीत होती. एवढंच दोन-तीनदा म्हणाले. मी रागावणार होते. पण एम-सील अजून माझ्याच नखात होतं.

२ नोव्हेंबर

हे उद्यापासून सातपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये जाणार आहेत. दुसऱ्याच्या लेथवर, रोजंदारीवर. आज बिल्ला मागून घेतला आणि पाठीवरचं एम-सील कानशीने घासून काढलं. सासूबाईंनी बघितलं आणि काही म्हणाल्या नाहीत. माझ्याशी अजून बेताचंच बोलतात.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

मला वाटलं होतं, येणार नाही. आला. मोपेडवर आला, मिठाई आणि साडी घेऊन. भारी साडी, मोरपंखी. माझा आवडता रंग त्याला माहीत आहे.

मी पाट मांडला होता. राग होता, तरी मांडला होता. तो बसला. टोपी घातली. मी निरांजन लावलं. मग सहज विचारलं, “गाडीचं काय केलंस?”

“दिली.”

“भंगारात?”

तो साडीची घडी नीट करायला लागला. “मनमाडचा एक जण आहे. सावळीराम म्हणून. रेल्वेत होता, आता रिटायर झालाय. लेकाला धंदा काढून देतोय.”

“खांब?”

“नीट करून दिला, ताई. पक्का.”

“पुट्टीने?”

निरांजनाची वात तडतडली. मला एकदम ट्रकचं नाव दिसलं आणि त्याच्यासमोर कुणाचे तरी गुडघे. हर्षालीचे नाही, ओळखीचे नाही, मनमाडच्या कुठल्या तरी पोराचे. त्या घरातही कुणीतरी बाई असेल. तिलाही भीती वाटत असेल आणि कशाची ते सांगता येत नसेल. आणि तिला कुणीतरी सांगितलं असेल, लॉस त्यांचा आहे, आपला नाही. ही मोरपंखी साडी त्यातूनच आलेली.

मी ताट खाली ठेवलं. आत गेले, ही डायरी आणि पेन आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

“पत्ता लिही.”

“ताई, माझी इज्जत जाईल. पैसे परत द्यावे लागतील. मी कुठून देऊ?”

“आधी पत्ता लिही. मग ओवाळते.”

“आणि नाही लिहिला तर?”

मला फार भीती वाटली. दिंडोरीलाही एवढी वाटली नव्हती. मी म्हटलं, “तर हे निरांजन मी विझवते, लहानू. आणि पुन्हा लावत नाही.”

तो पेन बोटांत नुसता फिरवत बसला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “लिव्ह बाबा. तेल संपंल तिचं.” तीन आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

त्याने लिहिलं. अक्षर अजून चौथीतलंच आहे, मीच गिरवून घेतलेलं:

*सावळीराम, रेल्वे कॉलनीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, मनमाड*

मी ओवाळलं. त्याच्या कपाळाला लावलेलं कुंकू तिरकं लागलं. तो उठला, माझ्या पाया पडला आणि साडी पाटावरच ठेवून गेला. मी ती उचललेली नाही.

उद्या सकाळच्या गाडीने मनमाडला जायचं. हे खाडा करून येतो म्हणाले आहेत. तिथली माणसं ऐकतील की हाकलून देतील, कुणास ठाऊक. परक्या बाईने येऊन तुमची नवी गाडी आखूड आहे म्हटलं, तर मीही हाकललं असतं. म्हणून दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकलंय. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच बाईच्या हातात दोऱ्याचं एक टोक देणार आहे.